पायजम्याच्या रंगाची साक्ष

रऊफला न हलणारी वस्तू हवी होती, आणि ऑगस्टमध्ये दुपारी एक ते चार या वेळात त्या घरात सासऱ्यांइतकं न हलणारं दुसरं काही नव्हतं.

भिंत दाखवून पाहिली, तर कॅमेऱ्यातून सगळे आकडे सारखेच आले. कलिंगड ठेवलं, तर तिसऱ्या फोटोपर्यंत बायकोनं, दोर्रानं, ते कापून वाटलंसुद्धा. सासऱ्यांना, सी तैयबना, मात्र कोणी कापणार नव्हतं.

कॅमेरे दोन होते, ट्युनिशियातल्या स्फॅक्सच्या बाजारातले, स्वस्तातले. एक रऊफच्या टेबलावर, दुसरा कुणाच्या तरी बॅगेतून माँट्रियलला मेहुण्याकडे, अनीसकडे पोचलेला. अनीसला मुलगी झाली होती. समुद्रापल्याडचं ते पाकळीएवढं तोंड आजीला दिसावं, एवढाच सगळा खटाटोप. पण दोन्ही घरांतल्या कॉम्प्युटरवर रऊफच्या हट्टानं लिनक्स होतं, आणि कॅमेरा बोलायचा फक्त आपल्याच कंपनीच्या प्रोग्रामशी, जो लिनक्सवर चालत नसे. तो चित्र कसं दाबून, मुडपून, आकड्यांचं गाठोडं बांधून पाठवतो, हे कंपनी सांगत नव्हती. भौतिकशास्त्राचा मास्तर रऊफ मग तारेला कान लावून ते आकडे गोळा करत बसला.

त्या दुपारी सी तैयब खिडकीशी खुर्चीत झोपले होते. पाय पाण्याच्या टबात, अंगात बनियन, तोंड विहिरीसारखं उघडं. कोर्टातून मुख्य कारकून म्हणून निवृत्त झालेला हा माणूस कोपऱ्यावर पाव आणायलाही जुब्बा घातल्याशिवाय जात नसे. पण त्या दिवशी त्यांचे पायजमे दोरीवर वाळत होते आणि त्यांनी सासूबाईंचा गुलाबी, फुलाफुलांचा चढवला होता. रऊफनं चाळीस फोटो घेतले आणि सगळं गाठोडं जगभरच्या तीनशे लोकांच्या गटाला पाठवून दिलं. ही मंडळी हौसेनं असल्या गाठी सोडवत. बघा कुणाला उलगडतं का, असं त्यानं लिहिलं. लाजबीज काही वाटली नाही. आकड्यांना कुठं तोंड असतं?

आठव्या दिवशी फिनलंडच्या किर्सीबाईंनी तोंड शोधून काढलं.

"उलगडलं!" त्यांनी सगळ्यांना लिहिलं होतं, आणि खाली चित्र. काळं-पांढरं, पट्ट्यापट्ट्यांचं, पण सी तैयबच. रऊफनं झटकन पडदा बंद केला.

"काय झालं?" दोर्रा.

"काही नाही. यश आलं."

"मग असा घामाघूम का झालायस?"

रोज चित्र उजळत गेलं. दव पुसावं तसे पट्टे पुसले गेले. गटात एकच आनंद. एकानं लिहिलं, "आजोबांची मागची दाढसुद्धा मोजता येतेय, म्हणजे आपलं काम चोख!" आयुष्यात पहिल्यांदाच रऊफ आपलं काम फसावं म्हणून दुआ मागत होता. सासऱ्यांच्या ताटात मासा वाढतानाही त्याला वर बघवेना. घास घ्यायला तोंड उघडलं, की त्याला ती दाढ दिसे.

मग किर्सीबाईंचा प्रश्न आला. "आता रंग. आधी लाल येतो की निळा, एवढंच कळत नाही. माणूस तुमच्या घरातला आहे. पायजमा कुठल्या रंगाचा?"

रऊफनं ‘गुलाबी’ लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. तीनशे लोकांसमोर कोर्टाचा मुख्य कारकून, गुलाबी फुलांत! त्यानं ‘निळा’ लिहून पाठवलं.

"मग चेहरा का निळसर येतोय?"

"आमच्या खिडकीची झडपं निळी आहेत. उजेड त्यातून येतो." झडपं खरंच निळी होती. खोट्याला खऱ्याचा टेकू.

"ठीक. तुम्ही तिथं आहात, तुम्हालाच ठाऊक," असं उत्तर आलं. तो विश्वास त्याला बाभळीच्या काट्यासारखा बोचला. त्यानं ठरवलं, गटानं बनवलेल्या प्रोग्रामच्या आपल्या प्रतीत रंग गुपचूप नीट करायचे आणि तीच अनीसला पाठवायची. पण अनीसला कुठला धीर! त्यानं गटावरूनच प्रोग्राम उतरवून घेतला आणि फोन केला, "आत्ता जोडतोय. सगळ्यांना बोलव!"

"अरे, थांब जरा, उद्या..." रऊफ म्हणाला, पण सासूबाई, लल्ला शेदलिया, तोवर गल्लीत पोचल्या होत्या.

पाच वाजता खोलीत अकरा शेजारणी होत्या, प्रत्येकीच्या हातात बाळंतपणाच्या झ्रीरचा, तीळ-मधाच्या गोडाचा पेला. लल्ला शेदलियांनी पडद्यासमोर बसून सूर धरला:

"नात माझी गं डाळिंब,
दाणा गुलाबी गुलाबी,
ओठ उघडिता बाई
पहाट गं फुलं नभी..."

पडदा उजळला. डाळिंब निळं होतं. गडद, वांग्याच्या वळणावर जाणारं निळं.

सूर तुटला. "माझं लेकरू निळं पडलं!"

"श्वास अडकलाय!" शेजारीण ओरडली. "उलटं धरा तिला!"

"आई, काय झालं?" पलीकडून हसत अनीस, तोही निळा. "आत्ताच दूध प्यायली ती."

"हसतोस काय, मेल्या! डॉक्टरकडे ने! अगं बाई, हाही निळाच! घरात कसला तरी धूर झालाय, खिडक्या उघड!"

अनीस भेदरून पडद्याबाहेर पळाला. खिडक्यांचे आवाज आले. मग बाळानं टाहो फोडला, आणि निळं बाळ रडताना जांभळं झालं. लल्ला शेदलिया आडव्या. कुणी संत्र्याच्या फुलांचं पाणी शिंपडलं, कुणी कुराणातली आयत सुरू केली.

"ती निळी नाहीये!" रऊफ म्हणाला. "कॅमेराच निळं दाखवतोय."

"कशावरून?" दोर्रानं विचारलं.

"मी खोटं सांगितलं होतं म्हणून."

"कुणाला?"

"फिनलंडला."

अकरा माना रऊफकडे वळल्या.

"काय खोटं सांगितलंस?"

रऊफनं जमिनीकडे बघत सांगितलं, "बाबांच्या पायजम्याचा रंग."

दारात जुब्बा घालून उभे असलेले सी तैयब सावकाश पुढे आले. "माझ्या पायजम्याची फिनलंडला काय पंचाईत?"

फोटो दाखवावाच लागला. शेजारणींनी ओढणी तोंडाशी धरली आणि डोळे मात्र उघडे ठेवले. सी तैयबनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं.

"किती जणांनी बघितलं?"

"तीनशे."

"मला विचारलंस?"

"नाही, बाबा. मला वाटलं, यात कुणाला काही दिसणारच नाही."

"आणि दिसल्यावर निळा सांगितलास."

"तुमची लाज राखायला."

"माझी, का तुझी?"

रऊफची मान इतकी खाली गेली, की हनुवटी बटणाला टेकली.

"चाळीस वर्षं मी कोर्टात साक्षी उतरवल्या," सी तैयब म्हणाले. "झोपणं गुन्हा नाही. उकाड्यात बायकोचा पायजमा घालणं गुन्हा नाही. खोटी साक्ष गुन्हा आहे. बस. लिही."

अकरा शेजारणींच्या देखत रऊफ लिहायला बसला.

"मी, तैयब सालाह फख्फाख, वय वर्षे एकाहत्तर, पूर्ण शुद्धीवर असताना लिहून देतो, की छायाचित्रातला निद्रिस्त इसम मीच. सदर पायजमा गुलाबी असून त्यावर पांढरी फुले आहेत. यापूर्वीचे निवेदन माझ्या जावयाने दिले, ते असत्य आहे. लिहिलंस?"

"असत्य... लिहिलं, बाबा."

"आणि लिहा," आडव्या पडल्या पडल्या लल्ला शेदलिया म्हणाल्या, "की पायजमा नवा आहे. ईदला घेतलाय."

"टीप," सी तैयब म्हणाले. "पायजमा नवा."

अर्ध्या तासात किर्सीबाईंनी दुरुस्ती पाठवली. अनीसनं ती बसवली, पडदा पुन्हा उजळला आणि डाळिंब फुटलं. गुलाबी, ओलं, रडून थकलेलं. बायकांनी जीभ हलवत आनंदाची हलहली दिली. आजीनं काचेला ओठ लावले, गाणं तुटलं तिथून पुन्हा धरलं. सगळं घर त्या उजेडाकडे झुकलं होतं. फक्त रऊफ मागे, भिंतीला पाठ लावून.

"त्या बाईंनी पत्र नाही लिहिलं?" सी तैयबनी विचारलं.

"प्रोग्राममध्येच दोन ओळी घातल्यात. आता कायम राहतील. जगात जो कुणी उघडून बघेल, त्याला दिसतील."

"वाच."

"‘रंगांचा क्रम: श्री. तैयब फख्फाख यांच्या साक्षीवरून.’"

"बरोबर लिहिलंय. दुसरी ओळ?"

"‘आधीची चूक...’" रऊफ अडखळला. "पुढे माझं नाव आहे, बाबा."

"मग वाच की मोठ्यानं," सी तैयब जुब्ब्याची घडी नीट करत म्हणाले. "लाजतोस काय? फोटोत तू थोडाच आहेस!"