तेजलसाठी पाहिलेल्या तीन कंपन्या

हल्ली नोकरीसाठी माणूस कंपनीकडे जात नाही, कंपनीच माणसाच्या घरी स्वतःला दाखवायला येते, आणि दिवाळीआधीच्या रविवारी आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या घरी तीन माध्यम कंपन्या येऊन गेल्या.

कंपनी अंगापिंडाने माणसासारखीच असते. दोन हात, दोन पाय, वर तोंड. फरक इतकाच की पोटाला खिडक्या असतात आणि आत कर्मचारी बसलेले असतात. आलेली कंपनी चपला बाहेर काढते, सोफ्याच्या कडेला टेकते आणि पोहे येईपर्यंत पंख्याकडे बघते. चालून दाखवा म्हटलं तर चालून दाखवते. वाघचौरेबाई म्हणून एक मध्यस्थ आहेत, त्या सोबत येतात आणि अवघड प्रश्न आला की खोकतात.

उमेदवार होती माझी भाची तेजल. माझी बहीण गेली तेव्हा ही बालवाडीत होती. तेव्हापासून ती माझी आणि माझ्या बायकोची, मालतीची. पत्रकारितेची पदवी तिने चांगल्या मार्कांनी घेतली, पण तिला प्रश्न विचारायची खोड आहे. नळाला पाणी का येत नाही, हे ती नगरसेवकाला त्याच्याच वाढदिवसाच्या मांडवात विचारून आली, आणि वर केकही खाऊन आली. तिचं म्हणणं एवढंच होतं की जिथे माझा प्रश्न कापणार नाहीत तिथेच मी जाईन.

पण पसंती घरातल्या मोठ्या माणसाची लागते, म्हणजे माझी. आणि एका घराने तीन कंपन्या नाकारल्या की चौथी त्या घराची पायरी चढत नाही. त्यामुळे जे काही ठरायचं ते त्या रविवारीच.

मी आयुष्यभर वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. वजन खरं निघालं तर त्यावर शिक्का मारायचा, खोटं निघालं तर जप्त करायचं, यापलीकडे मी जगाकडून फारशी अपेक्षा ठेवली नाही. तेव्हा पगार, आकार आणि आतल्या माणसांची विविधता या तीन बाबींवर शास्त्रशुद्ध तुलना करायची असं मी जाहीर केलं. मनातून मात्र माझं आधीच ठरलं होतं. तेजलला वाहिनी मिळावी, ती रोज पडद्यावर दिसावी आणि माझ्या साडूने ते बघावं, अशी माझी साधी इच्छा होती.

पहिलं आलं दैनिक लोकघंटा. वयस्कर, अंगात कोट, डोक्याला फेटा. माहितीपत्रकातला फोटो त्याच्या तरुणपणाचा होता. चालून दाखवा म्हटल्यावर ते सोफ्यापासून शोकेसपर्यंत गेलं आणि तिथेच शोकेसला धरून उभं राहिलं. मी फेटा उतरवायला लावला आणि टेप धरली. सांगितलेल्या उंचीतली बरीचशी फेट्यातच निघाली. पगाराचं विचारलं तेव्हा वाघचौरेबाई खोकल्या. लोकघंटा म्हणालं की आमच्याकडे पगारापेक्षा मान मोठा. मालतीने स्वयंपाकघरातून विचारलं की मान तरी महिन्याच्या महिन्याला मिळतो का. त्यावर गेल्या दोन दिवाळ्यांचा मान द्यायचा राहिलाय, असं ते खालच्या आवाजात म्हणालं.

विविधता तपासायची मालतीची स्वतःची पद्धत आहे. ती कंपनीला काही विचारत नाही, सरळ खिडक्यांपाशी वाकते आणि चहा कुणाला कसा लागतो ते विचारते. लोकघंटाच्या सगळ्या खिडक्यांतून एकदम "कमी साखरेचा" असं उत्तर आलं. डोकावून पाहिलं तर सगळ्यांना एकसारखी मिशी आणि सगळ्यांचं आडनाव एकच. एका कोपऱ्यात एक बाई होती. महिला पुरवणी निघते त्या दिवशी तिला खुर्ची देतात, असं कळलं. तिने मालतीकडे चहा मागितला नाही, फक्त हात हलवला.

मग तेजलने तिचा प्रश्न विचारला. समजा मी एखाद्याला अडचणीचा प्रश्न विचारला आणि त्याची तुमच्याकडे जाहिरात असली, तर? लोकघंटाने पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर फेटा मागितला. मी त्याला दारापर्यंत सोडलं आणि उभ्या उभ्या "कळवतो" म्हणालो. आमच्याकडे उभ्याने म्हटलेलं कळवतो म्हणजे नकार, आणि बसून, पोह्यांची दुसरी बशी देऊन म्हटलेलं कळवतो म्हणजे होकार. हे सगळ्या कंपन्यांना माहीत असतं.

दुसरी आली महाधडाका वाहिनी. ती जिन्यात मावली नाही. रस्त्यातच उभी राहिली आणि एक खांदा आमच्या गॅलरीत टेकवला. सगळी गल्ली बघायला जमली होती, मला फार बरं वाटलं. चालून दाखवताना शेजारच्या बच्छावांची स्कूटर आडवी झाली. आवाज ऐकवा म्हटलं तर बच्छाव बाहेर येऊन कोण गेलं म्हणून विचारू लागले. वाहिनीने स्वतःची उंची चार मजले सांगितली होती. मी टेप सोडली, उंच टाचा वजा केल्या, कुशीत बोट खुपसलं तर तिथून फुस्स करून हवा निघाली. तरी हवा जाऊनही ती दोन मजले भरत होती, आणि दोन मजले म्हणजे काही कमी नव्हे, असं मी तेजलला समजावलं. पगार तिने तीन वेळा ओरडून सांगितला, तिन्ही वेळा वेगळा.

खिडक्या मात्र बघण्यासारख्या होत्या. एकीत नऊवारीतली आजीबाई, दुसरीत घोंगडीवाले आजोबा, तिसरीत चष्मा लावलेली मुलगी, चौथीत टाय लावलेला गृहस्थ. मी विविधतेचे पूर्ण गुण देऊन टाकले. मालती चहा विचारत निघाली. आजीबाई धापा टाकत "चालेल तो" म्हणाल्या. आजोबाही धापा टाकत तेच म्हणाले. मालती थांबली.

"दोन खिडक्यांत एकदम या बघू," ती म्हणाली.

आत बराच वेळ धावपळ ऐकू आली आणि मग नऊवारी नेसलेला, टाय लावलेला एक तरुण खिडकीत येऊन उभा राहिला. सिन्नरचा होता, तानाजी नावाचा. सगळ्या खिडक्या तो एकटाच सांभाळत होता. "पळावं लागतं मावशी, पण सवय होते," तो म्हणाला. मालतीने त्याला पाणी दिलं आणि जरा बसायला सांगितलं, तर आत बसायची सोय नव्हती.

तेजलने प्रश्न विचारायला तोंड उघडलं. तिचा पहिला शब्द पुरा व्हायच्या आत वाहिनीने उत्तर दिलं, त्या उत्तरावर स्वतःच हरकत घेतली आणि हरकतीवर चर्चा सुरू केली. तेजल तोंड मिटून बसली. मी मात्र खुर्चीवर बसूनच पोह्यांची दुसरी बशी गॅलरीतून बाहेर धरली. "कळवतो" म्हणायचं तेवढं बाकी होतं. तेजल माझ्याकडे बघत नव्हती. मला वाईट वाटलं, पण साडूही डोळ्यांपुढून हलत नव्हता.

तेवढ्यात बेल वाजली. दार उघडलं तर कोणी दिसेना. मग खाली पाहिलं. खबरपाटी नावाची कंपनी उभी होती, माझ्या कमरेएवढी. वाघचौरेबाई मागे तोंड वळवून उभ्या होत्या. वाहिनीला रस्त्यात पोहे खात थांबायला सांगून मी पाट मांडला.

खबरपाटी पाटावर बसली आणि म्हणाली, "मी तुमच्या कमरेएवढी आहे. पगार थोडा आहे." किती ते तिने सरळ सांगितलं. मालती आधाराला ओट्याला टेकली. तरी रीत म्हणून तिने वाकून चहा विचारला, आणि तिथून आमच्या स्वयंपाकघरात जी धांदल उडाली ती विचारू नका. आत सहा जण होते. तमाशाच्या फडातून आलेल्या एक आजी तिथले हिशेब बघत, त्यांना चहात गूळ हवा होता. पेठकडचा एक कोकणा आदिवासी तरुण फोटो काढी, त्याला बिनदुधाचा. संपादकांना ऐकू येत नव्हतं, ते ओठ वाचत, त्यामुळे त्यांच्यावर ओरडून उपयोग होत नसे. त्यांना आलं घालून. एकाला शेळीच्या दुधाचा, एकीला साय घालून, आणि एकाला चहाच नको, गरम पाणी. मालतीने दोन्ही शेगड्या पेटवल्या आणि बच्छावांकडून तिसरी आणली. मी तिला इतकी चिडलेली आणि इतकी खूश एकाच वेळी कधी पाहिली नव्हती.

तेजलने प्रश्न विचारला. खबरपाटीने तो पुरता ऐकून घेतला. आत थोडी कुजबुज झाली, संपादकांसाठी कुणीतरी तो प्रश्न पुन्हा सावकाश उच्चारला.

"जाहिरात जाईल," खबरपाटी म्हणाली. "प्रश्न राहील. मग महिनाभर सगळ्यांनाच बिनदुधाचा."

तेजलने माझ्याकडे पाहिलं. सायकल हवी होती तेव्हा अशीच बघायची.

मी टेप घेऊन उठलो. नाकारायचंच होतं, पण मापाने नाकारलं म्हणजे कुणाला बोलायला जागा राहत नाही. खबरपाटी पाटावरून उतरून ताठ उभी राहिली. मी टाचेपासून डोक्यापर्यंत टेप धरली, मग माझ्या कमरेला लावली. बरोबर. पुन्हा लावली. सुताचाही फरक नाही. फेटा नाही, उंच टाचा नाहीत, कुशीत बोट खुपसलं तर आतून फक्त आजींनी "कोण आहे?" म्हणून विचारलं. जेवढं सांगितलं तेवढंच असलेलं माप नोकरीत असताना क्वचितच माझ्या हाताखाली आलं. आलं की पुढचं काम हात आपसूक करायचा. त्या दिवशीही हाताने तेच केलं. त्याने शोकेसचा खण उघडला, हातोडी आणि शिक्का काढला आणि खबरपाटीच्या टाचेवर ठक्क करून मारला.

 मग वाघचौरेबाई खोकल्या.

"खैरनारसाहेब," त्या म्हणाल्या, "तुम्ही प्रमाणित केलंत."

मला माहीत होतं. माझा शिक्का आजवर कधी परत घेतलेला नाही, आणि साडूसाठी तर नाहीच नाही. मी खुर्चीवर बसलो, पोह्यांची दुसरी बशी खबरपाटीपुढे सरकवली आणि कळवतो म्हणालो. खाली वाहिनीला ते ऐकू गेलं असावं. ती गल्लीतून आडवी होऊन निघून गेली. शेवटच्या खिडकीतून तानाजी हात हलवत होता.

पाठवणी त्याच आठवड्यात झाली. कर्मचारी आत शिरला की कंपनीच्या मापाचा होतो, हे शास्त्र मला ठाऊक आहे. तरी तेजलने एक पाय आत टाकला, मग दुसरा टाकला आणि तिच्या ओढणीचं टोक आत जाईपर्यंत मी दाराला धरून उभा होतो. मालती रडली. मी नंतर रडलो, न्हाणीघरात, नळ सोडून. नळाला पाणी नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

संक्रांतीला खबरपाटी तिळगूळ घ्यायला घरी आली. मला ती जरा उंच वाटली. आमच्या दाराच्या चौकटीवर तेजलच्या उंचीच्या खुणा आहेत, दर वाढदिवसाला मीच करत आलो. खबरपाटीला तिथे पाठ लावून उभं केलं. ती बोटभर वाढली होती. डोकं सगळ्यांत खालच्या खुणेला टेकत होतं. तेजल आमच्याकडे आली त्या दिवसाची ती खूण. मी पेन्सिल घेतली आणि त्याच खुणेवरून पुन्हा एक रेघ ओढली.

मालतीने वाकून चहा कुणाला कसा ते विचारलं. गुळाचा, बिनदुधाचा, आल्याचा, शेळीच्या दुधाचा, सायीचा, गरम पाणी. मग शेवटच्या खिडकीतून आवाज आला.

"मामी, मला नेहमीचा. आणि मामा, पेन्सिल आडवी धरली होती ना?"

मी टेप लावून पुन्हा मोजलं. बरोबर होतं.