नेसायची की देण्याघेण्याची?

दुकानात पाऊल टाकणारी बाई कोणती साडी घेऊन बाहेर पडणार, हे मी तिने चप्पल काढायच्या आत सांगू शकतो!

मी म्हणजे गुरुराज. सोलापुरात चाटी गल्लीत आमचं साड्यांचं दुकान आहे. आजोबांनी काढलं, अप्पा चालवतात, आणि मी नुकताच दोन दिवसांचं शिबिर करून आलो आहे. विषय : ग्राहकाचं मन. प्रमाणपत्रसुद्धा आहे. त्यावर चहा सांडला, पण नाव वाचता येतं.

वहीतलं पहिलंच वाक्य ऐका. माणूस वस्तू विकत घेत नाही, स्वतःची ओळख विकत घेतो.

हे मी तिघांना वाचून दाखवलं. अप्पा म्हणाले, "साकु." म्हणजे कन्नडमध्ये पुरे. आमच्या कुंडलिकअण्णांनी, जे तीस वर्षं दुकानात घड्या घालताहेत, "व्हय" म्हणत पुढची साडी ओढली. आणि माझी बायको चंद्रिका म्हणाली, "ओळख आणलीत ते बरं केलंत. कोथिंबीर सांगितली होती."

आता मुद्दा गादीचा.

अप्पांचे गुडघे गेलेत. दुकानाच्या गादीवर आता दुसरं कुणीतरी बसायला हवं. मी अकरा वर्षं दाराजवळच्या स्टुलावर आहे. स्टुलावरचा माणूस "या, या" म्हणतो; गादीवरचा मान हलवतो. मला मान हलवायची होती. पण अप्पांच्या मनात चंद्रिका होती, कारण ती अधूनमधून दुकानात येते आणि बायका तिचं ऐकतात.

"तो ढीग बघितलास?" अप्पा म्हणाले. "रविवारपर्यंत संपव. संपला तर गादी तुझी. नाहीतर सोमवारी तिथं चंद्रिका बसंल."

तो ढीग! सहा वर्षांपूर्वी घाऊक घेतलेल्या साड्यांतल्या एकशे चाळीस उरल्या होत्या. रंग ना हिरवा, ना तपकिरी. आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेल्या पालकाला काठ लावल्यासारखा.

इथे थांबतो, कारण एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. आमच्या दुकानात प्रत्येक बाईला पहिला प्रश्न एकच असतो : नेसायची की देण्याघेण्याची? नेसायची असेल तर ती बाई साडी घेऊन बाहेर उन्हात जाते, धागा ओढते, नवऱ्याला विचारते आणि त्याचं ऐकत नाही. देण्याघेण्याची असेल तर ती म्हणते, "त्यातल्याच दहा बांधा." ही साडी कुणी नेसत नाही. ती लग्नातून वास्तुशांतीत जाते, वास्तुशांतीतून बारशात. तिची घडी कधी मोडत नाही.

आणि तरीही माझ्या पालकाला कुणी देण्याघेण्यातही घेत नव्हतं.

मी काय केलं?

एक साडी काचेच्या कपाटात ठेवली. एकटी. वर दिवा सोडला. खाली पाटी :

*ही साडी सर्वांसाठी नाही.*

बस्स, एवढंच!

सकाळी अकराला रत्नम्मा अक्का आल्या. महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्या हळद कुठली वापरतात हे कळल्यावर निम्मं जुळे सोलापूर हळद बदलतं. शनिवारी त्यांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती.

"ती दाखव की."

"ती नको अक्का," मी म्हणालो. "ती आम्ही कुणालाही दाखवत नाही."

"मी कुणी बी हाय का रे?"

मी खालच्या आवाजात म्हणालो, "ज्यांना पारख आहे ना, अशीच घरं नेतात ही. मोजकीच. तुम्ही मागितली म्हणून काढतो. पण कुणाला सांगू नका."

अक्कांनी पदर उलगडला. तोंड वाकडं होत होतं, पण त्यांनी ते मध्येच थांबवलं. पारख असलेल्या बाईचं तोंड वाकडं होत नाही. ही माणसाच्या मनाची गंमत बघा! "रंग येगळा हाय," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना कळायचा न्हाय."

"सगळ्यांना कशाला कळायला हवा?"

"येणाऱ्या बायकांना परत आहेर करायचाय. साठ बांध."

साठ! कुंडलिकअण्णांच्या हातातली घडी पहिल्यांदा चुकली.

पुढचे तीन दिवस मी जमिनीवर नव्हतो. 'कुणाला सांगू नका' म्हणून सांगितलेली गोष्ट बायकांनी कुणालाही सांगितली नाही. फक्त प्रत्येकीने एकीला सांगितली. रिक्षा थांबू लागल्या. बँकेतल्या शिवानीताई जेवणाच्या सुट्टीत आल्या. एक शिक्षिका, दोन डॉक्टरीणबाई, वकिलांची सून. प्रत्येकीला मी तेच म्हणत होतो, "ताई, तुमच्यासारख्या एखादीलाच देतो."

"नेसायची की देण्याघेण्याची?" हा प्रश्न मी विचारलाच नाही. अशा भारी साडीला तो शोभत नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी काचेतली शेवटची साडीसुद्धा गेली. मी अप्पांच्या गादीवर टेकून बघितलं. मऊ होती.

चंद्रिका म्हणाली, "ऐंशी बायकांनी एकेक नेली. एक पण ब्लाउज शिवायला कुठे टाकू, विचारत नव्हती."

(यावर मी शिबिरातलं जे उत्तर दिलं, ते तिने इथून काढायला लावलं आहे.)

शनिवार. वास्तुशांत. मांडव, हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या गोड खिरीचा वास, माइक. आमच्याकडे आहेराची साडी डब्यातून काढून यजमानीणबाईच्या मांडीवर ठेवतात, म्हणजे चार जणींना दिसते. आणि माइकवाला नाव पुकारतो, म्हणजे उरलेल्यांना कळतं.

"शिवानीताईंकडून साडी..."

पालक.

रत्नम्मा अक्का हसल्या. पारख जुळली म्हणून.

"वकीलसाहेबांकडून साडी..."

पालक.

"डॉक्टरीणबाईंकडून... साडी. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडून... ती पण साडी."

माझ्या तोंडात गरम हुग्गी होती. मी पंगतीत जरा आणखी खाली वाकलो.

त्याचं असं झालं होतं. रत्नम्मा अक्कांना आहेर म्हणजे साधी गोष्ट नाही. तिथं आपण कोण, ते दिसतं. मग अक्कांना द्यायला मोजक्या घरांत जाणारी साडीच हवी! म्हणून तीनच दिवसांत ऐंशी बायकांनी एकमेकींना न सांगता तोच विचार केला होता, आणि तो विचार मीच त्यांना गुंडाळून दिला होता.

अक्कांच्या मांडीवर ढीग हनुवटीपर्यंत आला. माइकवाला शेवटी नुसतं "तीच" म्हणू लागला.

तरी अक्का शहाण्या. त्यांनी ढीग बाजूला सारला, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "आता आमचा परत आहेर." आतून नणंदेने ट्रंक आणली.

ट्रंक उघडली.

साठ पालक.

नणंदेने साठ जणींच्या हातात एकेक ठेवली. मग एकशे वीस डोळे हातातल्या साडीवरून अक्कांच्या बाजूच्या ढिगावर गेले, तिथून हळूहळू पंगतीत आले, आणि माझ्या पत्रावळीवर थांबले.

"गुरु," अक्का म्हणाल्या, "जेवून घे. मग बोलू."

आमच्या दुकानात आजोबांच्या काळापासून एक पाटी आहे. मी ती कधी वाचली नव्हती, कारण ती माझ्या स्टुलाच्या मागे आहे :

*घडी न मोडलेली साडी आठ दिवसांत बदलून मिळेल.*

रविवारी सकाळी गल्लीत रांग होती. घडी कुणीच मोडली नव्हती. मोडणार कशाला? साठ बायकांनी साठ साड्या ठेवल्या आणि त्याबदल्यात नेसायच्या नेल्या. चांगल्या. उन्हात नेऊन, धागा ओढून. दुपारी अक्का आपला ढीग टेम्पोत घालून आल्या.

"मोजून घे. एक्क्याऐंशी हायत."

"ऐंशी असतील अक्का."

"मला शिकवतोस? आता कुणाच्या बी सांगण्यावरून मी मोजायचं सोडायची न्हाय."

संध्याकाळी चांगल्या साड्यांचं कपाट रिकामं आणि समोर एकशे एकेचाळीस पालक. विकल्या एकशे चाळीस, परत आल्या एकशे एकेचाळीस! कुंडलिकअण्णा म्हणाले, "गुरु, ह्या आता पिल्लं बी घालाय लागल्या."

चंद्रिकाने जास्तीची साडी शोधून काढली. तिच्या घडीत एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती. अक्षर माझं. लग्नाच्या गडबडीत, प्रत्येक साडीवर नाव हवं म्हणून लिहिलेली :

*मुलीच्या आईला. मानाची.*

म्हणजे सहा वर्षांपूर्वी आमच्या लग्नात माझ्या सासूबाईंना, वैरागच्या काशम्मांना, मी याच ढिगातली साडी दिली होती. त्यांनी ती पुढे दिली. ज्या बाईला दिली, तिने आणखी पुढे. सहा वर्षं फिरून, एकदाही न नेसता, ती मालकाकडे परत आली होती.

चंद्रिकाने चिठ्ठी माझ्या वहीत ठेवली आणि ती साडी घरी नेली.

सोमवारी ती दुकानात आली आणि मी स्टुलावरून उठलोच. तिने ती साडी नेसली होती. मानाची. घडी मोडून. वर लिंबासारखं पिवळं ब्लाउज, केसात अबोली. पालक कुठे गेला होता कळेना. पाऊस पडून गेल्यावरच्या रानाचा रंग वाटत होता. ती सरळ जाऊन गादीवर बसली. अप्पांनी मान हलवली.

पहिली बाई आली, चप्पल काढली आणि म्हणाली, "तुमच्या अंगावर आहे तसलीच दाखवा."

"नेसायची?" चंद्रिकाने विचारलं.

"मग काय!"

दोन आठवड्यांत ढीग निम्मा झाला. एकही परत आली नाही. माझ्या वहीत याला काय म्हणतात ते मी शोधतो आहे.

काल सासूबाई वैरागहून आल्या. दारातच थबकल्या. लेकीकडे बघत राहिल्या. पदर हातात घेतला, धागा ओढला.

"लई ग्वाड दिसती गं. कुटनं आणली? मला बी एक दे की."

चंद्रिकाने माझ्याकडे न बघता म्हटलं, "अहो, आईला एक काढा."

मी ढिगातली वरची साडी उचलली. तोंडातून सवयीने निघून गेलं, "मामी, नेसायची की देण्याघेण्याची?"

"नेसायची वो, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "देण्याघेण्याला काय, तुमी लग्नात मला दिलीवती तसली कायतर बांधा."

मी दोन्ही बांधल्या. एकाच ढिगातून.