कुणालाही न उघडणारं कुलूप

पोटाच्या विषाणूचं एवढं काय कौतुक! लोकांना म्हणे आठ-आठ दिवस लोळवतो. आपल्याला बघून दोन दिवसांत पळाला, असं कुलूपवाल्याने सकाळी अंथरुणातूनच जाहीर केलं. जाहीर केलं आणि पांघरूण भिरकावून संडासाकडे धावला. परत आल्यावर त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पण जरा हळू आवाजात.

"गेला ना विषाणू?" बायकोने विचारलं.

"गेलाच! हा आपला शेवटचा निरोप."

डॉक्टरांनी बजावलं होतं, घोट घोट मीठ-साखरेचं पाणी, कोरडा टोस्ट, सक्त विश्रांती आणि दुकानाचं नावही काढायचं नाही. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. बायकोने तिला कुलूप ठोकलं आणि किल्ली कमरेला खोचली. दुसऱ्या कुणाचं कुलूप असतं तर या पठ्ठ्याने केसातल्या पिनेने उघडलं असतं. पण दुकानाला त्याचं स्वतःचं कुलूप होतं! ते पिनेने उघडलं असतं तर त्याला पुन्हा गल्लीत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

कारण मंडळी, या माणसाच्या दुकानावर पाटीच होती, 'आमचं कुलूप कुणालाही उघडणार नाही.' आणि रस्त्याच्या बरोब्बर पलीकडे दुसरी पाटी होती, 'कुठलंही कुलूप उघडून मिळेल.' आता तुम्हीच सांगा, या दोघांचं जमणार कसं? ती पाटी लागली त्या दिवसापासून कुलूपवाल्याने पलीकडच्या माणसाचं नाव टाकलं. त्याला तो नुसतं 'समोरचा' म्हणायचा. बोलणं बंद, बघणं बंद. समोरचा शिंकला तर हा खिडकी लावून घ्यायचा. बायका मात्र एकमेकींकडे खुशाल विरजण मागायला जायच्या.

आणि नेमक्या आजच दुपारी मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई येणार होत्या! त्यांच्या कोठीतून बिस्किटांचे डबे पाय फुटल्यासारखे नाहीसे होत होते. दार ओढलं की आपोआप लागेल आणि फक्त बाहेरून, फक्त किल्लीनेच उघडेल असं कुलूप त्यांना हवं होतं. नमुना पसंत पडला तर त्यांच्या संस्थेच्या झाडून साऱ्या वसतिगृहांचं काम मिळणार होतं. नाही पसंत पडला तर? तर बाई सरळ रस्ता ओलांडून समोरच्याकडे जाणार. नुसत्या विचारानेच त्याच्या पोटात ढवळून आलं. की ते आधीपासूनच ढवळत होतं, कुणास ठाऊक.

नमुना तयार होता, खाटेखालच्या पेटीत. पण तो बसवून दाखवायचा कुठल्या दाराला? कुलपाची खरी परीक्षा घ्यायची तर दार असं हवं की जे सारखं उघडतंय, सारखं बंद होतंय, घाईघाईने आपटलं जातंय. कुलूपवाला टोस्ट चघळत विचार करू लागला आणि एकदम त्याचे डोळे चमकले. या घरात गेल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त उघडलेलं आणि आपटलेलं दार कुठलं?

धंद्यात मुरलेल्या माणसाचं डोकं बघा कसं चालतं!

बायको बाजारात गेली होती. सासूबाई बैठकीच्या खोलीत पडून होत्या. जावई आजारी म्हणून मदतीला आल्या होत्या आणि कालपासून स्वतःच कण्हत होत्या. कुलूपवाल्याने पेटी ओढली आणि कामाला लागला. अंगात त्राण नव्हतं, हात लटपटत होते, डोळ्यांपुढे मधूनच काजवे चमकत होते. पण हात सरावाचे. आतल्या बाजूने शेवटचा स्क्रू पिळला, बाहेर येऊन आपल्या कामाकडे कौतुकाने पाहिलं आणि पोटात गुर्रर्र झालं.

निरोप घेऊन गेलेला पाहुणा परत आला होता! हातातली किल्ली पेटीत टाकून कुलूपवाला आत झेपावला. मागे दार आपटलं आणि खट् असा आवाज झाला.

अहाहा, काय गोड आवाज! तशाही अवस्थेत त्याने मान डोलावली. ती डोलावून झाल्यावर मग त्याला आठवलं, हे कुलूप आतून उघडत नाही.

बायको बाजारातून आली तेव्हा दाराआडून ठोकण्याचा आवाज येत होता.

"अगं, घाबरू नकोस! चाचणी चालू आहे. पेटीत किल्ली आहे, ती घे आणि उघड."

बायकोने किल्ली शोधली. बराच वेळ दारावर खुडबुड झाली.

"अहो, किल्ली घालू कुठे?"

"कुठे म्हणजे? भोकात!"

"भोक कुठंय पण?"

"बायकांना एवढंसं काम सांगितलं तर... चष्मा लाव, चष्मा!"

"लावलाय! नुसती पत्र्याची पट्टी आहे. गुळगुळीत!"

कुलूपवाला आणखी काहीतरी खोचक बोलणार होता. पण बोलता बोलता त्याची नजर दारावर गेली. त्याच्या नाकासमोर, बरोब्बर मध्यभागी, किल्लीचं भोक त्याच्याकडे टक लावून बघत होतं! आयुष्यभर कुलपं बसवणाऱ्या माणसाने कुलूप उलटं बसवलं होतं! किल्ली बाहेर, भोक आत.

"सापडलं," तो क्षीण आवाजात म्हणाला. "इकडे आहे."

"मग दाराखालून सरकवते किल्ली."

ते जमणार नव्हतं. झुरळं येतात म्हणून बायकोने वर्षभर टुमणं लावलं, तेव्हा त्याने दाराखाली रबराची पट्टी ठोकली होती आणि मुंगीसुद्धा शिरणार नाही अशी फुशारकी मारली होती. तेवढं काम मात्र सुलटं झालं होतं.

"दार फोडू का?"

"खबरदार! दुपारी रेक्टरबाई यायच्यात. कुलूपवाल्याच्या घरी फोडलेलं दार बघून काय म्हणतील? झरोक्यातून दे किल्ली. मागच्या बोळातून."

"झरोका केवढा उंच आहे! माझा हात पोहोचायचा नाही."

"मग शिडी आण कुणाकडून तरी!"

एवढ्यात बैठकीच्या खोलीतून चपला फरफटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ सासूबाईंचा. "आत कोण आहे गं? मला जायचंय."

"आई, जरा थांब. हे अडकलेत."

"थांब काय? मी काय बसची वाट बघतेय? जावईबापू, लवकर आटपा हो!"

बायकोने शिडी कुणाकडून आणली ते कुलूपवाल्याला थोड्याच वेळात कळलं. दाराबाहेर एक ओळखीचं खाकरणं ऐकू आलं. समोरचा! गल्लीत शिडी होती ती एकट्या त्याच्याचकडे. आणि अडल्या घरी नुसती शिडी पाठवून गप्प बसेल असा तो माणूस नव्हता, हत्यारांची पिशवी घेऊन जातीने आला होता.

"वहिनी, शिडी कशाला? हे तर असं उघडतो!" समोरचा म्हणाला.

आत कुलूपवाल्याचे कान उभे राहिले. पोटातली कळसुद्धा क्षणभर थांबली. सुटका व्हावी असं त्याला मनापासून वाटत होतं. पण समोरच्याच्या हातून होऊ नये असं त्याहून मनापासून वाटत होतं! बाहेर तारा खुळखुळल्या. मग ठोकून बघणं झालं. मग कान लावून ऐकणं झालं.

"यात... शिरायचं कुठून?" समोरचा म्हणाला.

"नाही ना उघडत!" कुलूपवाला आतून आनंदाने ओरडला. "नाही ना उघडत! लावा आता पाटी! कुठलंही कुलूप उघडून मिळेल म्हणे!"

"अहो, भोकच नाही त्याला!"

"ते तुम्ही बघा!"

"जावईबापू!" सासूबाई कळवळल्या. "भांडणं मागाहून करा हो! माझा जीव चाललाय!"

शेवटी समोरच्याने मुकाट्याने किल्ली घेतली, बोळात शिडी लावली आणि वर चढला. झरोक्याच्या झडपांमधून त्याचा अर्धा चेहरा दिसू लागला. खाली कमरेला टॉवेल गुंडाळून, हात पसरून कुलूपवाला उभा होता. इतक्या वर्षांत दोघं पहिल्यांदाच एकमेकांना इतक्या जवळून बघत होते.

"वाळलात हो फार," समोरचा म्हणाला. खरंच, अगदी मनापासून म्हणाला.

कुलूपवाल्याला एकदम भरून आलं. आजारी माणूस हळवा होतो, त्याला तो काय करणार! "दोन दिवस पोटात काही ठरत नाही," तो म्हणाला. "बसा ना," असंही म्हणणार होता, पण समोरचा शिडीवर होता.

किल्ली टपकन ओंजळीत पडली. कुलूपवाल्याने ती भोकात घातली, फिरवली आणि दार लोण्यासारखं उघडलं. किल्ली उपसून तो बाहेर आला. विजयी वीरासारखे हात वर करून तो काहीतरी बोलणार, तोच त्याच्या बगलेखालून काहीतरी सुसाट गेलं.

त्या सासूबाई होत्या.

"आई, दार लावू नकोस!" बायको किंचाळली.

आता संडासात जाणारं माणूस दार लावणार नाही तर काय करणार? खट्!

कुलूपवाल्याने हातातल्या किल्लीकडे पाहिलं. बायकोने कुलूपवाल्याकडे पाहिलं. आणि त्याच क्षणी दारावरची घंटा वाजली. रेक्टरबाई आल्या होत्या. दुपारी यायचं म्हणून थोड्या आधीच आल्या होत्या, शिस्तीच्या बाई!

बाईंनी टॉवेलकडे दुर्लक्ष केलं आणि सरळ कुलपापाशी गेल्या. पट्टीवरून बोट फिरवलं. दार ढकललं, हलवलं, खांदा लावून बघितला. दार तसूभर हललं नाही.

"मजबूत आहे," बाई म्हणाल्या. कुलूपवाल्याच्या जिवात जीव आला. "पण किल्ली कुठे घालायची?"

"तीच तर खुबी आहे!" तो म्हणाला. "चोराला भोकच सापडत नाही."

"पण मला सापडायला हवं ना?"

"कोण आलंय?" आतून आवाज आला.

रेक्टरबाई दचकून मागे सरल्या. "आत कोण आहे?"

"माझ्या सासूबाई. त्या... चाचणीत मदत करताहेत."

"आतून उघडत नाही ना हे?"

"मुळीच नाही! विचारा त्यांना!"

"छान. मग आता बाहेरून उघडून दाखवा."

कुलूपवाल्याला दरदरून घाम फुटला. सारी वसतिगृहं त्याच्या डोळ्यांदेखत एकेक करून रस्ता ओलांडू लागली. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. समोरचा खांद्यावर शिडी टाकून आपल्या दुकानाच्या दिशेने निघाला होता. कुलूपवाल्याने आवंढा गिळला, गिळता येईल तेवढा अभिमान त्याच्याबरोबर गिळला आणि हाक मारली.

"अहो शेजारी! जरा इकडे येता का? शिडीसकट!"

समोरचा आला. त्याने बंद दार पाहिलं, किल्ली पाहिली, रेक्टरबाईंना पाहिलं आणि लख्ख हसला.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"यांनी बसवलेलं कुलूप उघडणारा," समोरचा नम्रपणे म्हणाला.

"हं! म्हणजे आम्हाला तुम्ही दोघंही लागणार."

"मी तयार आहे," समोरचा म्हणाला. "पण मग वसतिगृहांचं निम्मं काम माझं. बोला, चढू का शिडीवर?"

"निम्मं?" कुलूपवाला उसळला. विषाणू, अशक्तपणा, टॉवेल, सगळं विसरला. "निम्मं म्हणजे काय? डोकं माझं, घडण माझी, रात्रीचा दिवस मी केला! पाव देईन. फार तर पाव आणि वर थोडं..."

आत नळाची तोटी फिरवल्याचा आवाज आला. कोरडा, घरघरता. आणि मग दार हादरेल अशी हाक.

"जावईबापू! निम्मं कशाला, सगळंच देऊन टाका त्यांना! इथलं पाणी गेलंय!"