कात्रीसाठी अर्ज

आमच्या गावात बागेची अवजारं आपला मालक स्वतः निवडतात. मुलाखती अवजारांच्या दुकानात बुधवारी दहाला सुरू होतात आणि उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत.

निवृत्त तलाठी विश्राम गुंजाळ नऊलाच दुकानाच्या बाकावर येऊन बसले होते. त्यांची बायको शकुंतला चैत्रात गेली. नियमाप्रमाणे तेराव्यानंतर तिची छाटणीची कात्री दुकानात परतली. बाग तिचीच होती. आता अंगणातली जुई कौलांवर चढली होती आणि गुंजाळांना तीच कात्री हवी होती.

भिंतीला टेकलेली कुदळ अध्यक्ष होती. शेजारी झारी. टेबलावर कात्री, मिटलेली.

"हात दाखवा," कुदळ म्हणाली.

गुंजाळांनी दाखवले. मऊ असल्याची झारीनं नोंद घेतली.

"पात्यावर चढलेला चीक कशानं काढाल?"

"ठाऊक नाही. ती पायरीवर बसून काहीतरी घासायची. मी आत पेपर वाचत असायचो."

"किती वर्षं?"

"एकतीस."

कात्री किंचित उघडली. "रॉकेलचा बोळा. मग जोडावर खोबरेलचा थेंब," ती म्हणाली. "जुई कशी आहे?"

"कोयत्यानं कापायला गेलो, फांदी चिरली. मग हात लावला नाही."

"बरं केलंत."

तरीही सगळ्यांच्या मुलाखती झाल्यावर कात्रीनं पसंती दिली ती वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या नलिनी फाटकांना. गुंजाळ उठले. त्यांचा पाय चपलेत नीट जाईना.

"थांबा," कोपऱ्यातून एक खुरपं म्हणालं. "तीन वर्षांत माझ्यासाठी एकही अर्ज आला नाही. मूठ हलते, पातं गंजलंय. तुम्हाला काहीच येत नाही, म्हणजे चुकीचंही काही येत नसणार."

"पण मला जुईसाठी..."

"जुई माघात छाटतात. तोवर बुडातलं तण कोण काढणार?"

गुंजाळांनी कुदळीकडे पाहिलं.

"अवजाराची इच्छा असली की आम्हाला हरकत घेता येत नाही," कुदळ म्हणाली. "इथं सही करा."

"माघात मी येते कात्री घेऊन," दारात नलिनीबाई म्हणाल्या. कात्रीनं त्याला मान्यता दिली.

घरी आल्यावर गुंजाळ पायरीवर बसले आणि ओल्या वाळूनं पातं घासू लागले.

"हळू," खुरपं म्हणालं. "मुठीकडून टोकाकडे."

ते तसं घासत राहिले. मध्येच त्यांचा हात थांबला. त्यांनी बाहीनं डोळे पुसले आणि बराच वेळ अंगणाकडे बघत बसले. खुरप्यानं घाई केली नाही.

मग ते म्हणालं, "आता दुसरी बाजू."