सकाळी दहाची सावली

स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या हिंटरमोस या आमच्या गावात गोठे दोन आहेत. वरचा लाकडाचा असून त्यात आगाथा त्सुरफ्लू या विधवा बाईंच्या नऊ गायी राहतात. खालचा काँक्रीटचा असून त्यात तोफ राहते. गावाचा लेखनिक या नात्याने गेली एकवीस वर्षे मी या दोन्ही गोठ्यांची नोंद एकाच वहीत, एकाच शाईने करत आलो आहे, आणि खालच्या गोठ्यापुढील 'उपयोग' या रकान्यात, माझ्या आधीच्या लेखनिकाप्रमाणेच, 'गवत' असे लिहीत आलो आहे.

एकेचाळीस साली, चहूबाजूंच्या देशांत युद्ध पेटलेले असताना, सैन्याने खिंडीच्या तोंडावर ही तोफ बसवली. ती शत्रूच्या विमानांना दिसू नये म्हणून लुत्सर्नच्या एका नाटकगृहातून पडदे रंगवणारा गृहस्थ आणवला. त्याने दीड मीटर जाडीच्या भिंतींवर फळ्या रंगवल्या, फळ्यांवर गाठी रंगवल्या, दोन खिडक्या काढून त्यांत लाल जिरेनियम फुलवले आणि दारावर स्वतःच्या मनाने १६८३ हे साल टाकले. छपराखाली त्याने सावलीही रंगवली. ती सप्टेंबरातल्या सकाळी दहाची आहे, कारण सेनाधिकारी त्या सुमारास तपासणीला येणार होते. शत्रू आला नाही. सावली मात्र तेव्हापासून हललेली नाही.

तेव्हापासून गावात सज्ञान होणारा प्रत्येक माणूस गुप्ततेच्या कागदावर सही करतो. इतर खोऱ्यांतल्या अशा वास्तू सैन्याने केव्हाच मोडीत काढल्या. कुठे चीज मुरते, कुठे संग्रहालय झाले. आमची फाइल कोणाच्या तरी कपाटामागे पडली असावी. गुप्तता उठवल्याचे पत्र आले नाही, आणि आमच्या लोकांना न आलेल्या पत्राविषयी विलक्षण आदर आहे.

फेब्रुवारीत पशुकल्याण खात्याचे पत्र मात्र आले. आगाथाबाईंच्या गोठ्यातील उजेड कायद्याने ठरवून दिलेल्या पंधरा लक्सपेक्षा कमी भरतो. सबब तीस एप्रिलपर्यंत भिंतीत दोन नव्या खिडक्या न पाडल्यास नऊही गायी ताब्यात घेण्यात येतील. बाईंचे वय एकोणसत्तर. मूलबाळ नाही. पत्र घेऊन त्या तडक माझ्या टेबलाशी आल्या.

"खिडक्या पाडायच्यात, माइनराड. अर्ज काढ."

"आगाथाबाई, तो गावाचा दर्शनी भाग आहे. भोक पाडायचं तर जुन्या वास्तू जपणाऱ्या वारसा कार्यालयाची परवानगी लागेल."

"भिंत माझी, गायी माझ्या. उजेड कुणाचा आहे ते तेवढं तुझ्या वहीत बघून सांग."

वहीत तसा रकाना नव्हता. मी अर्ज पाठवून दिला.

मार्चमध्ये वारसा कार्यालयाचे श्री. इंडरबिट्झिन आले. दोन पदव्या आणि एक राखाडी मफलर असा त्यांचा सरंजाम होता. सरपंच आलोइस गिस्लर, आगाथाबाई आणि मी, असे तिघे त्यांच्या मागून चाललो. वरच्या गोठ्याकडे जाण्याची वाट खालच्या गोठ्यावरून जाते, आणि पुढचे सारे त्या वाटेमुळे घडले. इंडरबिट्झिन तिथे थबकले. त्यांनी मफलर सैल केला. देवळात बोलावे तसे हलक्या आवाजात ते म्हणाले, "हाच. इतकी वर्षं मी हाच शोधत होतो."

सरपंच आभाळाकडे पाहू लागले. मी माझ्या बुटांकडे.

"फळ्या बघा या," साहेब म्हणाले. "साडेतीनशे वर्षं होत आली, एक वाकलेली नाही."

"वाकायची पण नाही," आगाथाबाई म्हणाल्या.

साहेबांनी बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केली. आवाज दगडाचा आला. "लार्चचं जुनं लाकूड शेवटी दगडच होतं," ते म्हणाले. "पुस्तकात वाचलं होतं. हाताला आज लागलं."

मग आम्ही वरच्या गोठ्यापाशी पोचलो. बाईंच्या सासरच्यांनी तो सव्वादोनशे वर्षांपूर्वी बांधला. त्याच्या फळ्या पावसाने करड्या पडल्या आहेत, काही फुगल्या आहेत, उत्तरेकडे शेवाळ आहे आणि शेजारी शेणाचा ढीग वाफाळत असतो. इंडरबिट्झिनांचा चेहरा पडला.

"इथं फारच हस्तक्षेप झालाय."

"कुणाचा?" बाईंनी विचारले.

"वापराचा." त्यांनी वहीत काहीतरी टिपले आणि छपराखाली बोट दाखवले. "आणि ही सावली. आपण आलो तेव्हा त्या खिळ्यापाशी होती. आता बघा कुठं आहे. दर्शनी भागात इतकी चंचलता बरी नाही, बाई."

"साहेब, ती मी नाही हलवली."

"तुमच्यावर आरोप नाही. मी फक्त निरीक्षण नोंदवतोय."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अहवाल आला. खालचा गोठा 'प्रथम दर्जाचे अस्सल स्मारक' ठरला होता. वरचा गोठा 'उक्त स्मारकाच्या परिसरास बाध आणणारी, सतत बदलत राहणारी रचना' ठरला होता. खिडक्यांना मात्र उदार मनाने परवानगी दिली होती. अट एवढीच की त्या खालच्या गोठ्यातील मूळ खिडक्यांप्रमाणे भिंतीच्या पातळीत, जाडीविरहित आणि न उघडणाऱ्या असाव्यात, आणि त्यांतली फुले बारमाही असावीत.

"म्हणजे रंगवलेल्या," आगाथाबाई म्हणाल्या.

"तसं लिहिलेलं नाही त्यात."

"मग काय लिहिलंय?"

"जाडीविरहित."

त्या माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या. एकवीस वर्षांत त्या माझ्या कचेरीत कधी बसल्या नव्हत्या. "हे बघ माइनराड. कागदावर सही मीही केलीय, अठराव्या वर्षी. तेव्हा माझ्या गायी नव्हत्या. तू एक ओळ लिही साहेबाला. खालचा गोठा सिमेंटचा आहे, आत तोफ आहे. पुढचं त्यांना सुचेल."

मी सरपंचांशी बोलतो म्हणालो, आणि बोललोही. सरपंचांची गावात खानावळ आहे. ते पेले पुसत होते.

"अरे, प्रथम दर्जा मिळालाय आपल्याला," ते म्हणाले. "तिकडच्या खोऱ्यातल्यांना तिसऱ्याच्या वर कधी मिळाला नाही. आता मी उठून सांगू, की साहेब, तुमची चूक झाली? चांगलं दिसतं का ते?"

"आगाथाबाईंच्या गायी जातील."

"गायींना उजेडच हवाय ना? कुरणावर ने म्हणावं. फुकट आहे तिथं."

कुरणावर अजून कमरेइतके बर्फ होते, हे त्यांनाही ठाऊक होते.

बाईंनी मग स्वतःच बर्नला, सैन्याच्या कचेरीत, पत्र टाकले. आठवड्यात उत्तर आले, त्याची प्रत मलाही. 'आपण उल्लेखिलेल्या ठिकाणी कोणतीही लष्करी वास्तू अस्तित्वात नाही. सदर वास्तूची माहिती उघड केल्यास आपणावर कारवाई होऊ शकते.' दोन्ही वाक्यांखाली एकाच माणसाची सही होती. मी प्रतीवर आवकचा शिक्का मारला.

वीस एप्रिलला शाळेच्या सभागृहात हरकतींची सुनावणी झाली. गावातले तीसजण आले होते. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बापांनी-आजोबांनी ते काँक्रीट हाताने ओतले होते. पहिल्या रांगेत कास्पर मुहाइम बसला होता. त्याने सैनिकी सेवेची अठरा वर्षे दर शरद ऋतूत त्या तोफेला वंगण दिले आहे. आगाथाबाई उठल्या. त्यांनी रविवारचा काळा पोशाख घातला होता.

"ते सिमेंट आहे," त्या म्हणाल्या. "आत तोफ आहे. साल एका नाटकवाल्यानं टाकलंय. मी शिक्षेला तयार आहे, पण माझ्या गोठ्याला खऱ्या खिडक्या द्या."

इंडरबिट्झिनांनी चष्मा काढला आणि सभेकडे पाहिले. "याला कोणी दुजोरा देईल का?"

शांततेचे प्रकार मी बरेच ऐकले आहेत. हिमकडा सुटण्याआधीची असते, प्रेतयात्रा गेल्यावर रस्त्यावर उरते तीही असते. ही त्यांतली नव्हती. ही नीट झाडून, पुसून, वर्षानुवर्षे वापरून गुळगुळीत झालेली शांतता होती, आणि प्रत्येकाने तिच्यात आपापली जागा ओळखीने धरली होती. बाईंनी कास्परकडे पाहिले. कास्परने घसा खाकरला.

"मी तिथं गवत ठेवलंय," तो म्हणाला. "चांगलं सुकतं."

मग बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी इतिवृत्त लिहीत होतो. लिहिणाऱ्याने मधे बोलू नये असा संकेत आहे, आणि त्या दिवशी तो संकेत मला फार सुंदर वाटला.

"आगाथाबाई," इंडरबिट्झिन ममतेने म्हणाले, "तुमचं दुःख मी समजू शकतो. शेजारचं इतकं अस्सल असलं की आपल्या घरच्याची लाज वाटते. म्हणून अस्सलाला खोटं म्हणू नये."

हरकत पुराव्याअभावी फेटाळली, असे मी लिहिले.

अहवालातल्या अटींप्रमाणे काम पाच दिवसांत उरकले. लाकडी भिंतींवर सिमेंटचे पत्रे ठोकले, म्हणजे पुन्हा काही फुगायला नको. पत्र्यांवर फळ्या रंगवल्या, फळ्यांवर गाठी. दोन जाडीविरहित खिडक्या झाल्या. जिरेनियम फुलले. छपराखाली खालच्या गोठ्याशी तंतोतंत जुळणारी सावली काढली गेली. आता सप्टेंबरातल्या काही सकाळी दहाच्या ठोक्याला हिंटरमोसमध्ये सगळे बरोबर असते. उरलेले वर्षभर सूर्य चुकतो.

तीस एप्रिलला पशुकल्याण खात्याच्या निरीक्षक बाई उजेड मोजायचे यंत्र घेऊन आल्या. फळ्यांच्या ज्या फटींतून पूर्वी थोडा उजेड झिरपायचा त्याही आता पत्र्यांखाली गेल्या होत्या. यंत्राने दोन लक्स दाखवले. निरीक्षक बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या, पुन्हा बाहेर आल्या.

"बाहेरून दोन खिडक्या. आतून एकही नाही," त्या मला म्हणाल्या. "हे कसं?"

मी वारसा कार्यालयाचा दाखला पुढे केला. खिडक्या नग दोन, अटींनुसार पूर्ण, असे त्यावर स्पष्ट होते. त्यांनी तो दोनदा वाचला.

"म्हणजे खिडक्या आहेत."

"आहेत," मी म्हणालो.

"आणि तरी उजेड नाही."

"हात लावून बघ की, पोरी," आगाथाबाई दारातून म्हणाल्या. "रंग ओला आहे अजून."

"दुसऱ्या कार्यालयाच्या खिडकीवर मला शंका घेता येत नाही, बाई," निरीक्षक हळूच म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. मग त्यांनी लिहिले: 'खिडक्या उपलब्ध असूनही मालकिणीने जनावरांपर्यंत उजेड पोहोचू दिलेला नाही. हेतुपुरस्सर हयगय.'

दुपारी गाडी आली. फळीवरून एकेक गाय चढू लागली तशी आगाथाबाई तिचे नाव घेऊ लागल्या. ते गायीला उद्देशून नव्हते. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"लिही," त्या म्हणाल्या. "फ्लोरी. ग्राइसी. ही ब्लेस, हिचा डावा डोळा जायला लागलाय, अंधारात. लिही ना."

फॉर्मवर फक्त कानातल्या बिल्ल्यांच्या क्रमांकाला जागा होती. मी नऊ क्रमांक लिहिले.

जूनमध्ये वारसा कार्यालयाचे स्मरणपत्र आले की वरच्या गोठ्यात 'जिवंत वापराचा अभाव' दिसतो. म्हणून दाराशी एक गाय उभी केली आहे. ती फायबरची असून स्वच्छ आहे, आणि तिच्या पायांशी जमिनीवर तिचीही दहाची सावली रंगवली आहे. आगाथाबाई आता खाली गावाबाहेरच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला ग्रामपंचायतीने त्यांना दोन्ही गोठ्यांचे छायाचित्र असलेले कॅलेंडर भेट पाठवले. ते परत आले. चित्रातल्या फायबरच्या गायीच्या पोटावर त्यांनी पेन्सिलीने लिहिले होते, 'दूध किती देते?' मी ते 'किरकोळ पत्रव्यवहार' या फाइलीत लावले.

त्या कॅलेंडरच्या बऱ्याच प्रती दूरदेशी जातात, तुमच्याकडेही. दातांच्या दवाखान्यात, फ्रिजच्या बाजूला, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर तुम्ही ते पान पाहिले आहे. निळे आकाश, दोन गोठे, लाल फुले, एक गाय. त्याच्याकडे बघत तुम्ही कोणाला तरी म्हणालात की आयुष्यात एकदा अशा खऱ्याखुऱ्या जागी जाऊन राहावे. चित्रात वास नव्हता, माशा नव्हत्या, म्हातारी नव्हती. तुम्हाला तिथे काही उणे वाटले नाही. छापखानेवाला सांगतो, महिना संपला तरी लोक ते पान उलटत नाहीत. वर्ष सरते, तारखा खोट्या पडतात, पण चित्र राहू देतात. त्यांच्या भिंतीवर सकाळचे दहाच वाजलेले असतात, आणि कोणी दुजोरा मागायला येत नाही.