टिपणीसकाका आणि चीनची गादी

टिपणीसकाका नव्या माणसाला आधी नाव विचारत नाहीत. ते विचारतात, "तुमच्याकडे गादी कोणाकडे जाणार?"

नॉटिंगहॅमला आम्ही त्यांच्या शेजारच्या घरात राहायला आलो, त्या दिवशी व्हॅनमधून सामान उतरत होतं. मी नवऱ्यावर, अमेयवर, मराठीतून ओरडत होते, की अरे हळू, भिंतीला घासतंय. तेवढ्यात कुंपणापलीकडून लोकरीची टोपी घातलेलं एक उंच डोकं वर आलं आणि हा प्रश्न आला. इतक्या लांब कोणी मराठीत बोललं याचाच मला इतका आनंद झाला, की मी मनापासून उत्तर दिलं. मोठी आमच्या खोलीत, छोटी मुलीच्या, इराच्या खोलीत. अमेयने भर घातली, की दोन्ही मेमरी फोमच्या आहेत, पाठीला चांगल्या असतात.

डोक्याने क्षणभर विचार केला. "मी राजगादीबद्दल विचारत होतो," ते म्हणाले, "पण ठीक आहे. निदान तुमचं आधी ठरलेलं आहे. चीनमध्ये एवढंसुद्धा ठरलेलं नसायचं."

काका इथल्या एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जन्मभर नोकरी करून रिटायर झाले. "माणसाचं रक्त मी चाळीस वर्षं बघितलं," असं ते सांगतात. "त्यात लाल पेशी दिसतात, पांढऱ्या दिसतात. राजघराणं कुठे दिसत नाही. आणि त्याच्यावरून एवढ्या मारामाऱ्या."

मारामाऱ्या म्हणजे चीनच्या पहिल्या सम्राटांच्या घराण्यांतल्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. सम्राट गेल्यावर पुढचा कोण, हा एकच विषय. त्या सम्राटांनी भिंती बांधल्या, रस्ते बांधले, वजनमापं एकसारखी केली, त्यात काकांना काडीचाही रस नाही. सम्राट आजारी पडला की यांचं लक्ष तिकडे गेलंच म्हणून समजा.

हे वेड लागलं ते काकूंमुळे. सुषमाकाकूंना मी पाहिलं नाही, आम्ही येण्याआधीच त्या गेल्या. त्यांना एकदा चायनीज करून बघायची हौस आली आणि त्यांनी काकांना जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून चायनीज स्वयंपाकाचं पुस्तक आणायला पाठवलं. काकांनी मुखपृष्ठावरचा ड्रॅगन बघितला, जाडी बघितली आणि पुस्तक घरी आणलं. आत एकही रेसिपी नव्हती. काकूंनी चष्मा लावून दोन पानं चाळली आणि म्हणाल्या, आणलंय ना, आता वाचा. काकांनी वाचलं. नंतर लायब्ररीतली त्या विषयावरची सगळी पुस्तकं वाचली. काकूंनी शेवटपर्यंत नूडल्स पाकिटातल्याच केल्या.

चिनी नावं आमच्या लक्षात राहत नाहीत हे पाहून काकांनी आमच्यासाठी सगळ्यांना मराठी हुद्दे देऊन टाकले. पहिला सम्राट तो थोरले महाराज. त्यांचा मोठा मुलगा युवराज. दरबारातला कपटी अधिकारी तो कारभारी. काका बोलायला लागले, की हे सगळं कुठेतरी साताऱ्याच्या बाजूला घडलं असावं असं वाटायचं.

एकदा मी त्यांना जेवायला बोलावलं. बांगडा केला होता. त्यांनी दोन घास खाल्ले, छान झालाय म्हणाले, आणि मग सांगायला लागले, की थोरले महाराज दौऱ्यावर असतानाच वारले. उन्हाळ्याचे दिवस, राजधानी लांब. ही बातमी बाहेर फुटली असती तर युवराज गादीवर आला असता, आणि कारभाऱ्याला हवा होता धाकटा. म्हणून त्याने ते लपवलं. महाराजांच्या गाडीत रोज जेवणाची ताटं जात होती. कागद आत जात होते, हुकूम बाहेर येत होते.

"पण वास?" काका म्हणाले. "वासाचं काय करणार? मग त्याने महाराजांच्या गाडीबरोबर खारवलेल्या मासळीच्या गाड्या लावून दिल्या."

एवढं बोलून त्यांनी बांगड्याचा आणखी एक तुकडा घेतला. अमेयने त्यानंतर आजपर्यंत बांगड्याला हात लावलेला नाही.

पुढे याच कारभाऱ्याने भर दरबारात एक हरीण आणून घोडा म्हणून दाखवलं. जे "हरीण आहे" म्हणाले ते त्याने हेरून ठेवले आणि नंतर त्यांचा काटा काढला. ही गोष्ट काकांच्या बोलण्यात कायमची जाऊन बसली आहे. आमच्या छोट्या मराठी मंडळाच्या गणपतीत केटररने भाजी घातलेला पिवळा भात बिर्याणी म्हणून वाढला, तेव्हा सगळे गप्प राहून जेवत होते. काकांनी ताटाकडे बघून शांतपणे सांगितलं, "हरीण." ज्यांना कळलं त्यांना ठसका लागला.

त्याच मंडळात काकांनी आपल्या विद्येचा एकदा प्रत्यक्ष उपयोगही केला. जुने अध्यक्ष मुलाकडे साउथहॅम्प्टनला जायला निघाले आणि जागा रिकामी होणार होती. शाळेत शिकवणारी नंदिनी हे काम उत्तम करेल हे सगळ्यांना माहीत होतं. पण देसाई म्हणून एक गृहस्थ होते, आवाज मोठा, गाडी मोठी. त्यांनी आपण अध्यक्ष झाल्यासारखं बोलायला सुरुवातही केली होती. काका म्हणाले, काळजी करू नका, थोरल्या महाराजांनंतरच्या हान घराण्यात हे होऊन गेलंय. तिथे महाराज युवराजाला बाजूला सारून आवडत्या राणीच्या मुलाला गादी देणार होते. तेव्हा महाराणीने डोंगरात राहणारे चार म्हातारे विद्वान शोधून आणले. खुद्द महाराजांनी बोलावूनही ते कधी आले नव्हते. मेजवानीला ते चौघे पांढऱ्या दाढ्या घेऊन युवराजाच्या मागे उभे राहिले. महाराजांनी बघितलं आणि तो विषय तिथेच सोडला.

काकांनी चार म्हातारे जमवले. एक ते स्वतः. दुसरे डॉक्टर प्रधान, तिसरे डर्बीचे साठे. चौथे गुप्ते. गुप्ते केस काळे करायचे. काकांनी त्यांना सभेच्या दोन महिने आधीपासून कलप बंद करायला लावला. गुप्तेकाकू मला म्हणाल्या, की लग्नानंतर पहिल्यांदाच खरा माणूस बघितला.

सभेच्या दिवशी चर्च हॉलमध्ये नंदिनीच्या मागे चार खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यात हे चौघे गंभीर चेहऱ्याने बसले होते. साठे पाच मिनिटांत झोपले. पण मान ताठ ठेवून झोपले, त्यामुळे लांबून ते विचारात असल्यासारखे दिसत होते. देसाई बोलायला उठले, चौघांकडे बघितलं, परत बघितलं, आणि म्हणाले की मला वाटतं आपण नंदिनीताईंनाच संधी द्यावी. काकांनी खुर्चीतल्या खुर्चीत जरा मान झुकवली, बस.

असे हे काका. मला ते आवडायचे, पण खरं सांगायचं तर त्यांच्या चीनकडे मी करमणूक म्हणूनच बघत होते.

मागच्या मे महिन्यात पुण्याला बाबा बाथरूममध्ये घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं. धाकटा भाऊ समीर तिथे आहे. मी घाबरून त्याला फोन केला तेव्हा बोलता बोलता म्हणून गेले, की ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, नेमकं आत्ताच. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला: बाबा म्हणाले, येऊ नकोस, इथे सगळं नीट चाललंय.

मेसेज वाचून मला हायसं वाटलं. पुढच्याच मिनिटाला हायसं वाटल्याची लाज वाटली. घरात करमेना म्हणून मी मागच्या बागेत आले. काका मशीनने कुंपणाची हेज कापत होते. त्यांनी माझा चेहरा बघून मशीन बंद केलं. मी सगळं सांगितलं.

"हे वडिलांनी लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

समीरने लिहिलंय, पण बाबा तसं म्हणाले, असं मी सांगितलं.

"तू वडिलांचा आवाज ऐकलास?"

मी नाही म्हटलं, आणि मला अंदाज आला की आता चीन येणार. तसंच झालं. त्या मासळीच्या गाड्या वाटेत होत्या, तेव्हा युवराज लांब उत्तरेला सरहद्दीवर होता. कारभाऱ्याने महाराजांच्या नावाने खोटं पत्र केलं. त्यात लिहिलं, की तू नालायक मुलगा आहेस, स्वतःचा जीव दे. युवराजाने पत्र वाचलं आणि रडत आत निघाला. शेजारी सेनापती होता, त्याच्याकडे एवढं मोठं सैन्य. तो म्हणाला, एकदा उलट विचारून तर बघा. मरायचंच असेल तर ते नंतरही मरता येईल. युवराज म्हणाला, वडिलांनी सांगितलंय, त्यात परत काय विचारायचं. आणि त्याने जीव दिला.

मी जरा चिडलेच. समीर काही कारभारी नाही, असं मी म्हटलं.

"नाहीच आहे," काका म्हणाले. "चांगला मुलगा आहे तो. तरी फोन कर. आत्ता कर."

ते मशीन चालू करेनात आणि तिथून हलेनातही. मग मी तिथेच, अर्ध्या कापलेल्या हेजपाशी उभी राहून फोन लावला आणि समीरला म्हटलं, बाबांच्या कानाशी धर.

बाबा आधी हवापाण्याचं बोलले. मग मी विचारलं, की तुम्ही मला येऊ नको म्हणालात का? ते म्हणाले, समीर सांगत होता तुझं काम आहे, म्हणून म्हटलं उगाच कशाला तिला. माझ्या वडिलांनी जन्मात कधी माझ्याकडे काही मागितलेलं नाही.

"येतेस का?" ते म्हणाले.

मी मागे वळले तेव्हा काका मला पाठमोरे उभे राहून सरळ असलेली एक फांदी सरळ करत होते.

दुसऱ्याच दिवशीचं तिकीट मिळालं. रिलीजचं मॅनेजरने एका वाक्यात मिटवलं, "फॅमिली फर्स्ट" म्हणाला. अमेयला इराची शाळा होती, म्हणून मला हीथ्रोला सोडायला काका निघाले. ते मोटरवेवर ताशी पंचावन्न मैलांच्या वर जात नाहीत. ट्रकसुद्धा आम्हाला मागे टाकत होते. लेस्टर मागे पडलं. मग काका समोर बघत सांगायला लागले.

इथे आले त्या वर्षी त्यांची आई सांगलीला आजारी पडली. मोठ्या भावाचं निळं पत्र आलं: आईची तब्येत बरी आहे, तू धावपळ करून येण्याचं कारण नाही, असं ती स्वतः म्हणते. नोकरी नवी होती, रजा मागायची भीती वाटत होती. पत्र वाचून त्यांना बरं वाटलं. घरी फोन नव्हता, पण समोरच्या डॉक्टरांकडे होता. नंबर खिशातल्या डायरीत होता. लावला असता तर आईला खुर्चीत बसवून तिथे आणलं असतं. त्यांनी लावला नाही. अकराव्या दिवशी तार आली.

"दादा खोटं बोलला नव्हता," ते म्हणाले. "ती तसंच म्हणाली होती. म्हणणारच ना ती. आया असंच म्हणतात. विचारायचं मी होतं."

त्या प्रवासात त्यांनी एकाही महाराजांचं नाव घेतलं नाही. टर्मिनलपाशी त्यांनी माझी बॅग उतरवली, हँडल ओढून सरळ करून दिलं आणि म्हणाले, जा, वेळेत पोचशील.

मी पोचले. ऑपरेशन नीट झालं. वॉकर घेऊन बाबा पहिल्यांदा व्हरांड्यापर्यंत चालले तेव्हा मी शेजारी होते. एका दुपारी काकांचा माझ्या फोनवर तब्येतीच्या चौकशीसाठी फोन आला. बाबांना आभार मानायचे होते म्हणून मी त्यांच्या हातात फोन दिला आणि चहा टाकायला गेले. चहा गार झाला तरी ते बोलतच होते. बाबांनी कधी इतिहासाचं पुस्तक हातात धरलेलं मी पाहिलं नाही. ते विचारत होते, मग पुढे महाराणीने काय केलं?

आता मी परत आले आहे. बाबा काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जातात. दर रविवारी काका त्यांना फोन करतात. परवा बाबांनी फिजिओथेरपिस्टलाच विचारलं, की तुमच्याकडे गादी कोणाकडे जाणार? ती म्हणाली, आजोबा, कडक गादीच वापरा.

मी बाबांना म्हटलं, काका फार बोलतात, कंटाळा आला तर सांगा, मी त्यांना हळूच सुचवेन. बाबा म्हणाले, छे, काहीतरीच काय. मग त्यांनी मला विचारलं, "तुझे हे टिपणीस एकटे राहतात का गं?"

मी हो म्हटलं आणि का विचारलं.

"काही नाही," बाबा म्हणाले. "फोन ठेवताना दर वेळी विचारतात, पुढच्या रविवारी केला तर चालेल ना? मी दर वेळी हो म्हणतो. तरी पुढच्या रविवारी परत विचारतात."