धामापूरकराचा पाहुणा

विलास धामापूरकर कुठल्याही गावात एसटीतून उतरला की पहिला प्रश्न विचारतो तो किल्ल्याचा नसतो, देवळाचा नसतो आणि जेवणाचाही नसतो. स्टँडवरच्या पानवाल्याला तो विचारतो, "इथं पेपरात बातम्या कोण देतं?" पानवाला बोट दाखवतो त्या दिशेला हा चालू लागतो. किल्ला मागे राहतो.

विलास माझा शेजारी. मुलुंड पूर्वेला आमची चार मजल्यांची सोसायटी आहे. दुसऱ्या मजल्यावर त्याचं दार आणि माझं दार समोरासमोर. मी एका औषध कंपनीत हिशेब बघतो आणि सोसायटीचा खजिनदार आहे. तो एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत प्रवासावर लिहितो. लग्न केलं नाही. आई होती तोवर घरी परतायची घाई असायची. ती गेल्यापासून तीही नाही.

तालुक्याच्या वार्ताहराचं पोट बातम्यांवर चालत नाही, हे मला विलासमुळे कळलं. कुणाचं झेरॉक्सचं दुकान असतं, कुणाचा फोटो स्टुडिओ, कुणी विम्याचे हप्ते गोळा करतो, आणि त्यातून वेळ काढून अपघात, ग्रामसभा आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस छापायला पाठवतो. विलास अशा दुकानात स्टुलावर बसतो, चहा येईपर्यंत गप्प राहतो आणि मग विचारतो, "यंदा तुमचं काय काय छापलं नाही?" हा प्रश्न त्या माणसाला आजवर कुणी विचारलेला नसतो. तो आधी हसतो, मग दुकानाचं शटर अर्धं खाली ओढतो आणि बोलायला लागतो. विलासच्या लेखात जे इतरांच्या लेखात नसतं, ते सगळं या अर्ध्या शटरमागचं असतं. त्या वार्ताहराचं नाव तो लेखात आवर्जून घालतो. जागा कमी पडली की पुरवणीवाले पहिलं तेच उडवतात. विलास भांडतो, हरतो आणि पुढच्या लेखात पुन्हा नाव घालतो.

एकदा मी त्याच्याबरोबर घाटावरच्या एका गावी गेलो. तिथल्या कड्यावरून सूर्यास्त फार सुंदर दिसतो, असं विलासनंच लिहिलं होतं. आम्ही दुपारीच पोचलो. सूर्य मावळला तेव्हा आम्ही गुरव नावाच्या वार्ताहराच्या झेरॉक्सच्या दुकानात होतो आणि गुरव बंद पडलेल्या नळयोजनेबद्दल सांगत होते. मी विलासला दोनदा घड्याळ दाखवलं. "देखावा कुठं पळून जात नाही रे," तो म्हणाला. बाहेर आलो तेव्हा काळोख होता. एकूण खर्च भागिले पाहिलेले देखावे, असा भागाकार मी परतीच्या वाटेवर मांडला. पण खाली शून्य आल्यामुळे सोडून दिला.

मुंबईतले प्रवासलेखक त्याला 'तालुका प्रतिनिधी' म्हणतात. एखादं रिसॉर्ट या मंडळींना फुकट घेऊन जातं, तेव्हा बाकीचे पोहण्याच्या तलावाकाठी फोटो काढतात आणि विलास दुपारी नाहीसा होतो. एकदा परतीची अख्खी बस त्याच्यासाठी खोळंबली. हा गावातल्या वार्ताहराच्या स्कूटरवर मागे बसून आला, मांडीवर भलाथोरला भोपळा. "यार, तू पण ना," एवढंच सगळे म्हणाले. पण पुढच्या सहलीला त्याला बोलावणं आलं नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही.

संध्याकाळी तो बाल्कनीत उभा राहून या गावोगावच्या वार्ताहरांना फोन करतो. फोनवर त्याचा आवाज गावापर्यंत थेट पोचावा असा लागतो, त्यामुळे कुठल्या तालुक्यात पाणी आलं आणि कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं हे आमच्या अख्ख्या इमारतीला माहीत असतं. प्रत्येक फोनचा शेवट ठरलेला. "मुंबईला आलात की सरळ मुलुंड. हॉटेलात उतरलात तर संबंध संपले." त्यासाठी त्यानं आतली खोली तयार ठेवली आहे. पलंग, धुतलेली चादर, न उघडलेला साबण.

येत मात्र कुणी नाही. ही माणसं मुंबईला येतात ती मंत्रालयात किंवा इस्पितळात. सकाळी उतरतात, रात्रीच्या गाडीनं परत निघतात आणि गाडीत बसल्यावर विलासला फोन करतात की वेळच मिळाला नाही. तो म्हणतो, असू दे हो, पुढच्या वेळी. दुसऱ्या दिवशी त्याच्या बाल्कनीत ती चादर वाळत पडलेली दिसते. कुणी न वापरलेली चादर हा माणूस का धुतो, असं सुनीतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला एकदा विचारलं होतं.

गेल्या डिसेंबरातल्या एका गुरुवारी तो आमच्याकडे आला तो चप्पल दोन पायांत दोन प्रकारची घालून. गडबडला की तो मालवणीत शिरतो.

"गुरव येतत," तो म्हणाला.

शनिवारी डोंबिवलीला गुरवांच्या पुतण्याचं लग्न होतं आणि रविवारी रात्रीच्या गाडीपर्यंत ते मोकळे होते. अख्खा दिवस. विलास आमच्या सोफ्यावर बसला आणि जन्मभर लोकांना कुठं काय बघावं हे सांगणाऱ्या त्या माणसानं मला विचारलं, "मुलुंडात बघूसारख्या काय आसा रे?"

मी चेक नाका म्हणालो. तो म्हणाला, तो कधीच उठला. सुनीता म्हणाली मिठागरं दाखवा, खाडीवर पक्षी येतात. विलास इथंच वाढला, पण मिठागरांकडे जायचा रस्ता त्याला ठाऊक नव्हता. शेवटी दिवसाचा तक्ता मी आखून दिला आणि बरोबर जायचंही कबूल केलं.

शुक्रवारी तो स्वतः त्या पलंगावर पाहुण्यासारखा झोपून पाहत होता. नळ गळत होता, पंखा कुरकुरत होता. "अरे, मी हॉटेलवाल्यांच्या पंख्यांवर जन्मभर लिहिलंय," तो मला म्हणाला, "आणि गुरव ते सगळं वाचतात." नळवाला आला, वायरमन आला. जेवणाला पुरणपोळी करायची असं त्याच्या मनात होतं. सुनीतानं त्याला समजावलं की लग्नाचं जेवून येणाऱ्या माणसाला वरणभात बरा वाटेल, आणि वरणभात ती स्वतः करून देईल.

रविवारी सकाळी मी टोपी घातली, बूट चढवले, पाण्याची बाटली घेतली आणि समोरच्या बेलकडे हात नेला. बेल वाजायच्या आत दार उघडलं. विलासनं तोंडावर बोट ठेवलं होतं.

गुरव आले होते. लग्नघरात कॅमेरा असलेला माणूस म्हणून तीन दिवस फोटो काढायचं काम त्यांच्यावरच होतं. चहा घेतला, जरा पाठ टेकतो म्हणाले आणि झोपले.

"उठवू या का?" मी कुजबुजलो.

विलासनं माझ्याकडे असं पाहिलं की मी टोपी काढली.

थोड्या वेळानं चौथ्या मजल्यावर भिंतीत ड्रिल सुरू झालं. रविवारी ड्रिल बंद हा सोसायटीचा नियम मीच केलेला, आणि विलासनं त्याची कधी पर्वा केलेली नव्हती. आज तो अनवाणी वर गेला. काय बोलला ठाऊक नाही, पण ड्रिल थांबलं ते दिवसभरासाठी.

गुरवांचा फोन त्यानं उशापासून उचलून बाल्कनीत आणला होता. तो थरथरला. विलासनं घेतला, आणि मी प्रथमच त्याला फोनवर हळू बोलताना ऐकलं. "साहेब झोपलेत. मी त्यांच्या मुंबईच्या घरून बोलतोय. मला सांगा." घाटात टेम्पो उलटला होता. कुणी दगावलं नव्हतं, वाहतूक बंद होती. विलासनं नीट विचारून घेतलं, चार ओळी लिहिल्या आणि आपल्या फोनवरून गुरवांच्या पेपरच्या जिल्हा कार्यालयाला कळवल्या.

"नाव गुरवांचंच घाला," तो म्हणाला.

पलीकडून विचारलं असावं, आपण कोण?

विलास थांबला. त्या कार्यालयात त्याचे लेख वाचणारं कुणी तरी नक्की होतं. "मी त्यांच्याकडचाच," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दुपारी सुनीता वरणभात घेऊन आली आणि झाकून ठेवून गेली. मिठागरांची वेळ टळली, पक्ष्यांची टळली. मला भूक लागली होती. तक्त्यात जेवण कधीच होऊन गेलं होतं. मी तो विलाससमोर धरला. त्यानं पाहिलासुद्धा नाही.

"अरे, घरात माणूस झोपलंय," तो म्हणाला.

त्यानं खुर्ची आतल्या खोलीच्या दाराशी ओढून घेतली होती. दार किंचित उघडं होतं. मी बूट काढले आणि शेजारी बसलो. आत गुरव घोरत होते, मधेच थांबत होते, कूस बदलून पुन्हा घोरत होते. ते थांबले की विलास मान वर करायचा. पुन्हा सुरू झाले की मागे टेकून बसायचा.